पर्यवेक्षकाची पाठ फिरल्यावर

प्रामाणिकपणाच्या अभ्यासाकडे येणारा माणूस सहसा मोकळ्या मनाने येत नाही, निकाल सोबत घेऊनच येतो. कुणाचा निकाल असा, की माणूस मुळातच लबाड. दांडा उगारलेला असेल तोवरच सरळ चालणार. कुणाचा असा, की माणसावर विश्वास टाकला की तो त्या विश्वासाला जागतो. दोघांकडे दाखले भरपूर असतात आणि दोघांचेही दाखले बहुधा खरे असतात. त्यामुळे गप्पांमध्ये हा वाद कधी मिटत नाही. या प्रस्तावनेत मी तुम्हाला एवढंच विनवणार आहे, की दोन्ही निकाल काही काळ बाजूला ठेवा. गेल्या शंभरेक वर्षांत अभ्यासकांनी या प्रश्नाशी कशी झटापट केली ते पाहू, आणि नागपुरात बसून या विषयात काय नवं करण्यासारखं आहे तेही पाहू.

नागपूर इथे उगाच आलेलं नाही. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावरच्या गर्दीत कोणी किती प्लेट तर्री-पोहे खाल्ले याची नोंद कुणी ठेवत नाही. शेवटी गिऱ्हाईकच सांगतं, ‘दोन पोहे, एक चहा’, आणि त्या शब्दावर हिशेब होतो. याच शहरात छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. भारतीय महसूल सेवेतले प्राप्तिकर अधिकारी १९५७ पासून नागपुरात शिकून बाहेर पडतात. लोकांनी स्वतःच्या उत्पन्नाबद्दल स्वतःच लिहून दिलेलं कितपत खरं मानायचं, हा त्यांच्या शिक्षणाचा गाभा. ठेल्यावर एक चहासुद्धा न लपवणारा माणूस रिटर्न भरताना वरच्या मजल्याचं भाडं विसरू शकतो. तो ढोंगी आहे असं म्हणून मोकळं होता येतं, पण मग अभ्यास तिथेच संपतो.

तो संपू न देणारं पहिलं मोठं काम १९२८ साली प्रसिद्ध झालं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी आठ ते सोळा वयाच्या जवळपास ११,००० मुलांना खोटेपणाची संधी देऊन पाहिली. मुलांचे पेपर गोळा करायचे, त्यांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, मग पेपर परत देऊन ‘तुमचे तुम्हीच तपासा’ म्हणायचं. कोणी उत्तर बदललं ते नकलेवरून कळे. खेळात, घरच्या अभ्यासात, पैशांच्या बाबतीतही असेच सापळे लावले होते. हाती आलं ते नीतिपाठ देणाऱ्यांना रुचणारं नव्हतं. वर्गात फसवणारं मूल खेळात फसवेलच असं नव्हतं, आणि पैशाला हात न लावणारं मूल पेपरात बेधडक खाडाखोड करत होतं. मुलांची ‘खरी’ आणि ‘खोटी’ अशी सरळ विभागणी होईना. उलट एका वर्गातली, एका मैत्रीतली मुलं या बाबतीत एकमेकांसारखी निघत होती. या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून ठेवा. पुढे ते लागणार आहे.

त्यानंतर अर्थशास्त्रज्ञ आले, आणि त्यांनी प्रश्न फारच सोपा करून टाकला. गॅरी बेकर यांच्या १९६८ च्या निबंधाचा मथितार्थ असा, की माणूस फायदा किती, पकडले जाण्याची शक्यता किती आणि शिक्षा किती याचा हिशेब मांडतो आणि मग गुन्हा करायचा की नाही ते ठरवतो. हिशेब नेटका आहे. पण तो खरा असता तर आपल्याकडे प्राप्तिकर जवळजवळ कुणीच भरला नसता, कारण सविस्तर छाननीसाठी निवडली जाणारी विवरणपत्रं शेकडा एकाहूनही कमी असतात.

हा हिशेब तपासायला फासा कामी आला. माणसाला एकट्याला बसवायचं, फासा झाकून टाकायला सांगायचं आणि पडलेला आकडा त्यानेच सांगायचा. आकडा मोठा तर पैसे जास्त. कोण खोटं बोललं ते कधीच कळणार नाही, पण शेकडो माणसांचे आकडे एकत्र केले की खोटेपणाचं एकूण माप निघतं. ४७ देशांतल्या सुमारे ४४,००० लोकांवर झालेल्या अशा ९० प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला. खोटं बोलून जेवढं मिळवता आलं असतं, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग लोकांनी सोडून दिला होता. कुणी पाहत नसताना, पकडले जाण्याची भीती शून्य असताना! त्याच वर्षी आणखी एका संघाचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून अधिक ‘हरवलेली’ पाकिटं बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेलांच्या टेबलांवर नेऊन दिली. पैसे नसलेल्या पाकिटापेक्षा पैसे असलेलं पाकीट मालकाकडे परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं. तज्ज्ञांना आधी विचारलं होतं, त्यांचा अंदाज चुकला.

म्हणजे विश्वासवादी जिंकले का? थोडं थांबा. बंगळुरूच्या कॉलेज विद्यार्थ्यांना रेमा हॅना आणि शिंग-यी वांग यांनी फासा ४२ वेळा टाकून आकडे लिहायला सांगितले. ज्यांच्या बेरजा संशय यावा इतक्या मोठ्या होत्या, त्यांना सरकारी नोकरीची ओढ इतरांपेक्षा जास्त होती. पुढे डेन्मार्कमध्ये तसाच प्रयोग झाला तेव्हा उलटं चित्र दिसलं: तिथे सरकारी नोकरीकडे वळणारेच जास्त खरे निघाले. फासा तोच, मुलंही साधारण त्याच वयाची. फरक त्या नोकरीच्या खुर्चीत होता. खुर्चीविषयी समाजात जे बोललं जातं, तशी माणसं तिच्याकडे येतात.

इथे नवख्या वाचकाला एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे. या क्षेत्रातले सगळेच गाजलेले निष्कर्ष टिकलेले नाहीत. दहा धर्माज्ञा आठवायला लावल्या की लोक कमी फसवतात, हा २००८ चा निष्कर्ष दहा वर्षांनी अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासला तेव्हा हाती काही लागलं नाही. ‘वरील माहिती खरी आहे’ या ओळीखालची सही फॉर्मच्या शेवटी न घेता सुरुवातीला घेतली तर लोक खरं लिहितात, असा २०१२ चा एक निबंध तर सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोचला होता. त्यातली विमा कंपनीची आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातच बनवाबनवी! हसू येतं खरं, पण यातून या विषयाची एक शिस्त कळते. तो बनाव पकडला तो दुसऱ्या अभ्यासकांनी, आणि तोही मूळ आकडे सर्वांना पाहायला खुले होते म्हणून. एकमेकांचं काम तपासणं हे ज्या व्यवसायात अपमानाचं मानलं जात नाही, तिथे चोरी उशिरा का होईना सापडते. कुठल्याही ‘छोट्याशा युक्तीने माणसं सुधारतात’ छापाच्या दाव्याकडे तुम्ही संशयानेच पाहावं, असं माझं मत आहे.

आता मुख्य प्रश्न. पर्यवेक्षक उठवून नेला आणि सगळं परीक्षार्थींच्या शब्दावर सोडलं तर काय होतं? याचा सर्वांत जुना नोंदलेला अनुभव अमेरिकेतल्या विद्यापीठांचा. व्हर्जिनिया विद्यापीठात १८४० साली एका प्राध्यापकाला बुरखा घातलेल्या विद्यार्थ्याने गोळी घातली. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं वैर इतक्या थराला गेल्यावर, १८४२ मध्ये तिथे परीक्षेला विद्यार्थ्याने ‘मी कुणाची मदत घेतली नाही’ असं लिहून सही करण्याची पद्धत आली. प्रिन्स्टनमध्ये तशी पद्धत १८९३ पासून. आपल्याकडे या गोष्टी सांगताना बहुधा भक्तिभावाने सांगतात: बघा, तिकडे परीक्षेला पर्यवेक्षकसुद्धा नसतो! सांगायचं राहतं ते असं, की तिथे पाळत होतीच, फक्त ती विद्यार्थ्यांकडे गेली. आरोप विद्यार्थ्यांनी करायचा, चौकशी विद्यार्थ्यांनी करायची, आणि व्हर्जिनियात तर दीर्घकाळ एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. ती २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून सौम्य केली. स्टॅनफर्डमध्ये १९२१ पासून ही पद्धत होती. २०२३ मध्ये तिथे परीक्षा दालनात पर्यवेक्षक बसवून पाहण्याला मान्यता मिळाली, कारण एकमेकांची तक्रार करण्याचा विद्यार्थ्यांवर टाकलेला भाग विद्यार्थी पार पाडत नव्हते.

डोनाल्ड मॅकेब यांनी यावर आयुष्य घातलं. लिंडा ट्रेविनो यांच्याबरोबर ३१ महाविद्यालयांतल्या ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांची त्यांनी केलेली पाहणी १९९३ मध्ये आली. अशी पद्धत असलेल्या ठिकाणी कॉपी कमी होती हे खरं. पण कॉपीशी सर्वांत घट्ट संबंध कशाचा निघाला? शिक्षेच्या धाकाचा नाही, नियमावलीचाही नाही. बरोबरीची मुलं काय करत आहेत असं विद्यार्थ्याला वाटतं, त्याचा. हार्टशोर्न आणि मे यांच्या त्या वाक्याशी आपण पुन्हा येऊन पोचतो.

इथून पुढे अमेरिकेतला नकाशा आपल्या उपयोगाचा राहत नाही. फाशाच्या प्रयोगातला माणूस एकटा असतो, एका खोलीत, आपल्याच विवेकाशी झगडणारा. विदर्भातल्या परीक्षा केंद्रावरची कॉपी अशी एकट्याची कधी असते का? फर्रे लिहून देणारी बहीण असते, खिडकीपाशी उभा भाऊ असतो, पुढच्या बाकावरचा मित्र उत्तरपत्रिका थोडी तिरकी धरतो, आणि कधीकधी केंद्राचा निकाल खाली गेला तर शाळेची तुकडी तुटेल या धास्तीने गुरुजी व्हरांड्यात जरा जास्तच रेंगाळतात. यातल्या कुणाला विचारलं तर तो म्हणणार नाही, ‘मी फसवलं.’ तो म्हणेल, ‘मदत केली.’ तिरकी न धरणाऱ्या मुलाला वर्ग सच्चा म्हणत नाही, आखडू म्हणतो. आमच्याकडच्या कॉपीच्या मुळाशी बेइमानीपेक्षा एका वेगळ्या इमानाचा भाग मोठा आहे. ते इमान परीक्षा मंडळाशी नसून आपल्या माणसांशी असतं. प्रामाणिकपणाच्या पद्धतीने ‘मित्राची तक्रार कर’ म्हटलं की ती नेमकी याच इमानावर घाव घालते, आणि हरते.

हे प्रयोगशाळेत अगदीच पाहिलं गेलेलं नाही असं नाही. ओरी वाइझेल आणि शॉल शाल्वी यांच्या २०१५ च्या प्रयोगात दोघांनी एकामागून एक फासा टाकायचा आणि दोघांचा आकडा सारखा आला तरच दोघांना पैसे. नशिबाने असं शंभरात सतराएक वेळा घडायला हवं. सांगितलं गेलं सुमारे ८० वेळा. एकट्याने खोटं बोलताना जी लाज आडवी येते, ती दोघांचा फायदा होताना कुठे जाते, हा प्रश्न मोठा आहे. या प्रश्नावर मराठी मुलुखातून आलेलं काम नगण्य आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला या क्षेत्रात या म्हणतो आहे.

सामग्री तर पायाशी पडली आहे. महाराष्ट्राने परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला तो १९८२ मध्ये. उत्तर प्रदेशाने १९९२ मध्ये वटहुकूम काढून कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला. त्या वर्षी तिथल्या दहावीचा निकाल १४.७ टक्क्यांवर आला आणि पुढच्या सरकारने तो कायदाच रद्द केला. नांदेडमध्ये २०१० साली तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्ती अभियान राबवलं. निकाल घसरला, पण ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेलं. या दोन घटनांतला फरक काय? दोन्हीकडे पोलीस होते, दोन्हीकडे निकाल पडला. एक मतपेटीत बुडाली, दुसरीचं अनुकरण झालं. माझा तर्क असा, की निकाल पडल्यावर त्याची लाज कुणाला वाटायला हवी, याबद्दलचं बोलणं दोन्हीकडे वेगळं झालं. पण तो तर्कच आहे. कुणीतरी त्या काळची वर्तमानपत्रं घेऊन बसायला हवं.

नागपूर विद्यापीठाचा स्वतःचाही इतिहास आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात १९९९ साली बनावट गुणपत्रिका आणि फेरमूल्यांकनाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा परीक्षा दालनातली चिठ्ठी ही किती किरकोळ बाब आहे हे शहराला कळलं. आणि मग ऑक्टोबर २०२०. करोनामुळे अंतिम वर्षाच्या परीक्षा विद्यार्थ्यांनी घरी बसून मोबाइलवर दिल्या, बहुपर्यायी प्रश्न सोडवून. कुणीही न आखलेला, केवढा तरी मोठा प्रयोग! त्या परीक्षेत कोण कुणाला विचारत होतं, व्हॉट्सॲपच्या गटांत काय चाललं होतं, आणि न विचारणाऱ्यांनी का विचारलं नाही? तेव्हाची मुलं आता तिशीकडे निघाली आहेत. आठवणी पुसट होण्याआधी त्यांच्याशी बोलायला हवं.

ठेल्यावर सरळ आणि रिटर्नमध्ये विसराळू अशा सुरुवातीच्या त्या माणसाच्या कोड्याचं निम्मं उत्तर कराच्या क्षेत्रात सापडलं आहे असं मला वाटतं. डेन्मार्कमध्ये हेन्रिक क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी चाळीस हजारांहून अधिक करदात्यांची कसून तपासणी करवली; निष्कर्ष २०११ मध्ये आले. जे उत्पन्न मालक किंवा बँक परस्पर कळवते, त्यात चोरी जवळजवळ शून्य. जे माणूस स्वतःच सांगतो, त्यात चोरी मोठी. डॅनिश माणूस फार सत्यवचनी, ही समजूत त्यातून बरीच सैल झाली. आपल्याकडचा पगारदार टीडीएस आणि फॉर्म १६ मुळे ‘प्रामाणिक’ असतो आणि इतवारीतला दुकानदार कच्च्या बिलामुळे ‘लबाड’ ठरतो, तेव्हा आपण दोघांच्या स्वभावाची नव्हे, कागदांची तुलना करत असतो. पगारदार मंडळी नैतिक उंचीवरून बोलू लागली की मला हे वाक्य त्यांना ऐकवावंसं वाटतं.

पण कागद आणि दंड यांनी सगळं भागत नाही. हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा प्रयोग या विषयात सतत सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला, तर उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवण्याचा संकोच होता. दंडाने त्या संकोचाची किंमत ठरवून दिली. दंड काढून घेतला तरी संकोच परत आला नाही. भरारी पथकं वाढवणाऱ्यांनी हे मनात ठेवावं.

राहिली शपथ. मंडळाच्या कॉपीमुक्ती अभियानात आता शाळाशाळांतून मुलांना शपथ दिली जाते. मुलं ती मैदानात एका सुरात म्हणतात आणि वर्गात जातात. शपथेने माणूस बदलतो का? फ्रान्समधल्या काही अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत, आधी स्वेच्छेने शपथपत्रावर सही केलेले लोक नंतर जास्त खरं बोलले. ‘स्वेच्छेने’ हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. नागपूरकराला यासाठी फ्रान्सपर्यंत जायचीही गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी न करण्याची आणि खोटं न बोलण्याची अशा प्रतिज्ञा त्यांत आहेत. तिथे जमलेली माणसं स्वतःहून, कित्येक पायी चालत आली होती. जुनं नातं सोडून नवं जोडण्याची ती घटना होती, आणि आजूबाजूचे सगळे तेच वचन देत आहेत हे प्रत्येकाला दिसत होतं. प्रतिज्ञा दिली जाते तेव्हा ती घेणाऱ्याचं नवं कुळ तयार होतं का, आणि त्या कुळातली माणसं एकमेकांना त्या वचनाची आठवण करून देतात का? शाळेच्या मैदानातली शपथ आणि ही प्रतिज्ञा यांचा तौलनिक अभ्यास मला कुठे वाचायला मिळालेला नाही.

शनिशिंगणापूरबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून दोन वाक्यं. दारं नसलेल्या घरांचं ते गाव, २०११ मध्ये तिथे युको बँकेने कुलुपाविना शाखा उघडली आणि २०१५ मध्ये तिथे पोलीस ठाणंही आलं. श्रद्धेचा धाक हाही पाळतीचाच एक प्रकार आहे, आणि बाहेरून येणाऱ्या भाविकांच्या गर्दीत तो कितपत पुरतो हे पाहण्यासारखं आहे. त्याहून मोठा अर्थ मी त्यातून काढणार नाही.

आता तुम्ही सुरुवात कुठून कराल? ‘तुम्ही कधी कॉपी केली आहे का?’ अशी प्रश्नावली वाटून करू नका. खोटेपणाचं माप खऱ्या उत्तरांच्या भरवशावर घेण्याची ही जुनी अडचण आहे, आणि मॅकेब यांच्या पाहण्यांनाही ती चुकली नव्हती. यावर स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये वाट काढली. तिचं एक सोपं रूप कुठल्याही कॉलेजच्या वर्गात एका तासात करता येतं. प्रत्येकाने नाणं उडवायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. काटा आला तर डोळे मिटून ‘हो’ लिहायचं. छापा आला तर खरं उत्तर लिहायचं. कुणाचाही ‘हो’ पाहून तो नाण्याचा की कबुलीचा हे कळत नाही, त्यामुळे लाजायचं कारण उरत नाही. शंभर मुलांत ७० ‘हो’ आले, तर त्यातले सुमारे ५० नाण्याचे. उरलेल्या ५० जणांत २० जणांनी कबुली दिली, म्हणजे वर्गात सुमारे ४० टक्के. काही मुलं काटा येऊनही ‘नाही’ लिहितील, कारण खोटा आरोपही अंगावर नको असतो. त्यामुळे तुमचा आकडा थोडा कमीच येईल. दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न जरा बदलून विचारा: ‘तुम्ही कधी मित्राला उत्तर दाखवलं आहे का?’ दोन आकड्यांत किती अंतर पडतं ते लिहून ठेवा, आणि दोन्ही प्रश्नांपैकी कुठल्या वेळी वर्गात जास्त हशा पिकला तेही.